सुलभाताईंची साखळी

धावणं हा माणसाने स्वतःच्या अंतरंगाकडे केलेला सर्वांत प्रामाणिक प्रवास आहे. हे वाक्य माझं आहे. कोलशेतच्या आमच्या धावणाऱ्यांच्या गटाने ते टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतलं होतं. छापणाऱ्याला ते दोन ओळींत बसवता येईना, तेव्हा त्याने 'प्रामाणिक' हा शब्द गाळला. ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही, दोन धुण्यांपर्यंत.

हा टी-शर्ट घालून मी एका रविवारी अर्ध-मॅरेथॉनला गेलो. शर्यत सुरू होण्याआधी मंचावर कर्कश गाणी लावून सगळ्यांकडून झुंबा करून घ्यायची हल्ली पद्धत आहे. त्यातल्या एका उडीत माझ्या डाव्या टाचेमागची शीर अर्धवट फाटली. म्हणजे एकवीस किलोमीटरांसाठी चार महिने तयारी करून मी सुरुवातीच्या रेषेच्या अलीकडेच जखमी झालो. घरी आल्यावर मी सांगितलं, "शर्यतीत लागलं." बायकोने विचारलं, "कितव्या किलोमीटरला?" मी म्हटलं, "सुरुवातीलाच." यात खोटं काही नव्हतं.

पाच महिन्यांनी डॉक्टरांनी पाय दाबून, वाकवून पाहिला आणि हळूहळू धावायला परवानगी दिली. पण मला धावताच येईना. दुखत नव्हतं. चार पावलं टाकली की मी सगळाच्या सगळा त्या टाचेत जाऊन बसायचो आणि ती आता तुटेल, आता तुटेल म्हणून कान लावून ऐकत राहायचो. पाचव्या पावलाला थांबायचो. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज हिमशिखरांचे फोटो आणि 'दमदार पुनरागमन करा' असे संदेश यायचे. मी उत्तरादाखल अंगठा पाठवायचो. धावणं गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला कुणाला सांगता आलं नसतं. पण साडेपाचला जाग यायची आणि उठायला काही कारण नसायचं, एवढं खरं.

अशाच एका सकाळी, दूध आणायला म्हणून खाली उतरलो असताना, आमच्याच इमारतीत एकट्या राहणाऱ्या सुलभाताई टिपणीस दिसल्या.

आमच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये मधोमध आठ खांब एका ओळीत आहेत. साठी ओलांडलेली एक बाई, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, त्या खांबांमधून धावत होती. एका खांबाच्या डावीकडून, पुढच्याच्या उजवीकडून, परत डावीकडून. प्रत्येक वळणाला खांदा जरासा आत झुकायचा. शेवटच्या खांबाला त्या एका हाताने धरायच्या, अंग बाहेर फेकून त्याच्याभोवती गर्रकन फिरायच्या आणि परत निघायच्या. वॉचमन शिर्के खुर्चीत बसून चहा पीत होते. त्यांनी मला डोळ्यांनीच सांगितलं, रोजचंच आहे.

"धावायचा ट्रॅक बाहेर आहे, बागेभोवती," मी मदत म्हणून सांगितलं.

"माहितीये. गोल आहे तो. गोल गोल फिरायला मी काय घाण्याला जुंपलीय?" त्या थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तू तो झुंबावाला ना रे?"

आमच्या सोसायटीत बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर पोचते.

सुलभाताई मूळच्या टेंभी नाक्याच्या. शाळेपासून खो-खो खेळायच्या, पुढे क्लबातून. त्यांची पळती प्रसिद्ध होती, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांना चुकवत मैदानात टिकून राहणं. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठजण मधल्या रेषेवर आलटून-पालटून उलटसुलट तोंडं करून बसलेले असतात. त्यांच्यामधून नागमोडी धावत राहायचं, याला साखळी म्हणतात. "साखळीत एकदा लय लागली ना, की समोरच्याला वाटतं ही आत्ता हाती लागेल. आणि आपण नसतोच तिथे," असं त्या सांगायच्या, तेव्हा त्यांचा खांदा आपोआप झुकायचा.

बाविसाव्या वर्षी एका सामन्यात गुडघा खांबावर आपटला आणि आतला बंध फाटला. डॉक्टरांनी पळायचं नाही म्हणून बजावलं. ते सहा महिन्यांसाठी की कायमचं, हे घरात कुणी नीट ऐकलं नाही. त्याच सुमारास लग्न ठरत होतं, त्यामुळे 'कायमचं' सगळ्यांना सोयीचं वाटलं. पुढे वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात नोकरी, सुपरवायझर, एक मुलगी, यजमानांचं आजारपण, निवृत्ती. जवळजवळ चाळीस वर्षं त्या जिना उतरतानासुद्धा उजवा पाय जपून टाकायच्या.

मग एके दिवशी खाडीकडच्या रस्त्याने येताना एक कुत्रा अंगावर धावून आला. "मी विचार केलाच नाही रे. पळाले. एक टेम्पो उभा होता, त्याच्या डावीकडे अंग टाकलं आणि उजवीकडून निघाले. कुत्रा गेला डावीकडे. फसला! उभा राहून माझ्याकडे असा बघत होता, की त्याला कुणीतरी नियम समजावून सांगावेत. घरी येऊन कुलूप उघडताना माझ्या लक्षात आलं, की गुडघा काहीच बोलला नाही." त्यांनी गुडघ्यावर हलकेच थाप मारली. "चाळीस वर्षं मी ह्या गुडघ्याची काळजी घेतली. त्याला विचारलं मात्र नाही कधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खांब शोधले.

सोसायटीचे सेक्रेटरी सूचनाफलकाला राजपत्राइतका मान देतात. 'पार्किंगमध्ये धावणे, खेळणे अथवा तत्सम हालचाल करण्यास सक्त मनाई आहे' असा कागद त्यांनी तिथे लावला आणि सकाळी सहाला स्वतः अंमलबजावणीसाठी उतरले. सुलभाताई खांबांमधून येतच होत्या.

"ताई, काय चाललंय?"

"गाडी शोधतेय."

"पण तुमच्याकडे गाडीच नाहीये!"

"तरीच म्हटलं, इतके दिवस सापडत कशी नाही."

सेक्रेटरी वर गेले. कागद राहिला. ताई येताजाता त्यातली एकेक शुद्धलेखनाची चूक पेनाने दुरुस्त करून पुढे जायच्या आणि चुका संपल्यावर त्यांनी तो वाचणं सोडलं.

मला त्यांनी शिकवायचं असं कधी ठरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "घड्याळ काढ. पळतीची वेळ पंच मोजतो, पळणारा नाही." माझं घड्याळ हृदयाचे ठोके, पावलांची संख्या, झोपेचा दर्जा असं सगळं सांगणारं होतं. त्यांनी ते शिर्क्यांकडे दिलं. शिर्क्यांनी ते हातात बांधलं आणि दीड महिना माझ्या खात्यावर त्यांचे ठोके जमा होत राहिले. खुर्चीत बसलेल्या शिर्क्यांची प्रकृती माझ्यापेक्षा चांगली असल्याचं त्यातून कळलं.

पहिले दोन आठवडे मी साखळी फक्त चाललो. मग जरा भरभर. मग शेवटचे दोन खांब धावत. "टाच काय म्हणते ते मला नको सांगूस," त्या ओरडायच्या, "पुढचा खांब कुठंय ते सांग!" मोठी युक्ती होती ती. दर तीन पावलांना वळायचं असल्यामुळे टाचेत जाऊन बसायला सवडच मिळत नसे. आमच्या गटाचे प्रमुख, ज्यांना सगळे कोच म्हणतात, एकदा हे पाहायला आले. हाताची घडी घालून त्यांनी विचारलं, "पण काकू, यात अंतर किती होतं?" ताई म्हणाल्या, "अंतर कशाला हवं? जायचंय कुठे?" कोचनी ते वाक्य संध्याकाळी सूर्यास्ताच्या फोटोवर टाकलं, खाली स्वतःचं नाव.

दीड महिन्याने मी माती खाल्ली. गटाची दहा किलोमीटरची शर्यत जवळ आली होती. एका रविवारी ताईंना न सांगता, शिर्क्यांकडून घड्याळ परत घेऊन, मी मोठ्या रस्त्यावर सरळ पाच किलोमीटर धावलो. मजा आली असं म्हणवत नाही. प्रत्येक मिनिटाला मनगट बघत होतो. गटावर आकडा टाकला, चाळीस लोकांनी हात जोडले. सोमवारी सकाळी टाच लाकडासारखी ताठ झाली होती आणि मी लंगडत खाली उतरलो.

ताईंनी पायाकडे पाहिलं, मग मनगटाकडे. मला वाटलं आता बोलणी बसणार.

"किती पळालास?"

"पाच."

"कुणी पाठीमागे लागलं होतं?"

"नाही."

"मग?"

त्यांनी शिर्क्यांना उठवून त्यांची प्लास्टिकची खुर्ची पहिल्या खांबापाशी आणून ठेवली. "बस. नऊजणांच्या संघात आठजण बसलेलेच असतात. बसणं हासुद्धा खेळच आहे. नीट बसता आलं नाही तर खो मिळाल्यावर उठणार काय, कपाळ?"

डॉक्टरांनीही आठ-दहा दिवस धावू नका असंच सांगितलं, फक्त त्यांनी त्याची फी घेतली. ते सगळे दिवस मी रोज सकाळी त्या खुर्चीत बसून सुलभाताईंना पाहत होतो. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून नीट पाहिलं. तेव्हा एक गोष्ट दिसली. प्रत्येक वळणाच्या किंचित आधी त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायचं. वळल्यावर नाही, वळण्याआधी. ज्याला फसवायचं तो तिथे नव्हता, फोटो काढणारं कुणी नव्हतं, तरी त्या हसायच्या. आमच्या गटात आम्ही शर्यत संपल्यावर, फोटोसाठी, पदक दातांत धरून हसायचो. धावताना हसलेला माणूस मी सहा वर्षांत पाहिला नव्हता.

शर्यतीतलं नाव मी मागे घेतलं. टाच सैल झाल्यावर पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली आणि पावसाळा संपेपर्यंत आठही खांब सलग धावू लागलो. सावकाश. वळायची भीती गेली होती. पण जोरात, जीव तोडून धावण्याची नव्हती गेली. तेवढा वेग मी कधी लावलाच नाही. ताईंना ते कळत होतं.

दिवाळीनंतर त्यांचं डोंबिवलीला जायचं ठरलं. लेकीचं घर मोठं होतं, लेक एकटी राहू देईना. "आणि तिच्या बिल्डिंगला खांब आहेत," त्या म्हणाल्या. "मी आधी बघून आले. बारा आहेत. मग हो म्हटलं."

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो दारात उभा होता, निम्मं सामान चढलं होतं. मी निरोप द्यायला म्हणून काहीतरी बोलायचं ठरवून उतरलो होतो, तर ताई कॅनव्हासचे बूट बांधत बसलेल्या.

"आज पाठलाग," त्या म्हणाल्या. "तू पळती. खो द्यायला मला कुणी नाही, म्हणून मी नियम मोडून मधली रेषा ओलांडणार. वयाची सवलत समज."

"ताई, ती शीर—"

"शीर तुझी, हात माझा. बघू कोण आधी पोचतं. शिर्के, वेळ लावा!"

मी आणखी काही बोलणार तोवर त्या निघाल्या होत्या. आणि मग मी पळालो. ठरवून नाही. त्यांचे बूट फरशीवर वाजत मागून येत होते आणि माझं सगळं लक्ष त्या आवाजात होतं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. चौथ्या खांबापाशी मी अंग एका बाजूला टाकलं आणि दुसऱ्या बाजूने निघालो, कुणी न शिकवता, आणि त्या मागून ओरडल्या, "वा रे पठ्ठ्या! हूल दिलीस!" मी मोठ्याने हसलो. एकोणपन्नास वर्षांचा, बँकेत अधिकारी असलेला माणूस, दोन मोटारींच्या मधून हसत पळत होता. टाच कुठे होती मला ठाऊक नाही. शेवटच्या खांबाला हात घालून मी गर्रकन फिरलो, तेव्हा पार्किंग, टेम्पो, सूचनाफलक, वय, सगळं एकदाच मागे सरकल्यासारखं झालं. लहानपणी अंगणात संध्याकाळ संपू नये असं वाटायचं, ते तसंच्या तसं परत आलं होतं आणि कितीतरी वेळ, मला वाटतं कितीतरी वेळ, ते तिथेच थांबून राहिलं. मग पाठीवर फाडकन थाप बसली.

"बाद!" सुलभाताई म्हणाल्या. दोघंही गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होतो. त्यांनी ओढणी सोडली, चेहरा पुसला आणि टेम्पोवाल्याला कपाट आडवं ठेवू नकोस म्हणून सांगायला गेल्या.

शिर्क्यांनी मोबाइल पुढे केला. अकरा सेकंद.