गाडीला तहान लागली

चढावर गाडी थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. पहिल्या सीटवरून आमच्या मोटार कंपनीच्या मालकांचे व्याही विचारत होते, "मेस्त्री, हे तुमचं इंजन हाय का चूल?"

त्यांचंही चूक नव्हतं. लढाईचे दिवस, पेट्रोलवर रेशन, म्हणून आमच्या सातारा-सांगली सर्व्हिसच्या गाड्या कोळशावर चालत. मागे एक उभी टाकी असायची. तिला गॅस प्लांट म्हणत. तिच्यात कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन रडतखडत गाडी ओढायचं. चढ आला की तापायचं. मग रेडिएटरमधलं पाणी उकळून उडून जायचं. रेडिएटर म्हणजे इंजिन थंड ठेवणारी पाण्याची टाकी. मी कंपनीचा मेस्त्री. नव्या नवरीबरोबर पाठराखीण पाठवतात तसं मला दुखणाईत गाडीबरोबर पाठवत.

गाडीवर ड्रायव्हर होता धोंडीराम, आष्ट्याकडच्या शेतकऱ्याचा पोरगा. लष्करात ट्रक चालवायचा. ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून एक पाय अधू करून घेऊन परतला होता. तिकडे तापानं फणफणला असताना एका मठातल्या भिक्षूंनी त्याला सांभाळलं. "कोन, कुठला, कुनी इचारलं न्हाई," एवढंच तो सांगायचा. त्यांनी दिलेली बोटाएवढी लाकडी बुद्धमूर्ती त्यानं स्टिअरिंगजवळ तारेनं बांधली होती. परत आल्यापासून त्याचा आवाज कधी चढला नाही. माझा त्याच्यावर फार जीव, पण त्याच्या या शांतपणाचा रागही यायचा. शिवी न देणारा ड्रायव्हर मला बिनमिठाच्या आमटीसारखा वाटे.

मी उतरलो आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. धोंडीरामनं मनगट धरलं.

"दम धरा मेस्त्री. गरम झाकन उघडू नगा, तोंड भाजंल."

त्यानं ओलं फडकं टाकलं, झाकण अर्धं फिरवलं, वाफ जाऊ दिली. मग पूर्ण काढलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. आमचा पाण्याचा डबाही रिकामा.

जवळ एकच विहीर होती, महारवाड्याची. बायजाबाई नावाची बाई तिथं घागर भरत होती. धोंडीरामनं पाणी मागितलं तशी ती मागं सरली.

"न्हाई बाबा. उद्या म्हनशिला गाडी बाटली. मार आमच्या पोरांना बसंल."

तिचं खोटं नव्हतं. त्या काळी असल्या कारणांवरून डोकी फुटत. धोंडीराम खाली वाकला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

"आदी मला प्यायला तर दे, आक्का."

तिनं गाडीकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, आणि घागर कलती केली. सगळ्या गाडीदेखत तो पोटभर प्याला. मग तिनं डबा भरून दिला आणि त्यानं ते पाणी रेडिएटरमध्ये ओतलं.

मालकांचे व्याही म्हणजे तात्या, गुळाचे मोठे अडते, घरचा ऊसही दांडगा. ते गाडीतून उतरून धोंडीरामला म्हणाले, "ह्या गाडीत मी बसनार न्हाई. आन् उद्यापास्नं तू बी हिच्यावर न्हाईस."

धोंडीरामच्या घरी म्हातारी आई, तीन पोरं. अधू पायाच्या ड्रायव्हरला दुसरं कोण ठेवणार? पण भीतीपेक्षा माझा राग मोठा. मी म्हणालो, "तात्या, तुमच्या उसाला पाणी पाजत्यात ती मानसं कोन?"

तात्या लालबुंद झाले. धोंडीराम हळूच म्हणाला, "मेस्त्री, झाकन गरम हाय."

मी रिकामा डबा उचलून गाडीत ठेवला. तात्या रस्त्याकडेला उन्हात उभे. धोंडीराम गाडी सोडून त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आवं तात्या, त्या पान्याला आत आधन येतंय. इस्तवाला कुठं इटाळ हाय?"

तात्यांना हट्टावरून खाली उतरायला शिडी हवीच होती. "ते बी खरंच," म्हणत ते गाडीकडे वळले. मला मात्र हे पटलं नाही. माणसाला विटाळ नाही म्हणायचं सोडून विस्तवाची साक्ष कशाला?

बायजाबाई अजून विहिरीवरच होती. तिनं तिथूनच विचारलं, "आमच्या चुलीत काय इस्तू पेटत न्हाई व्हय?"

गाडीत हशा पिकला. तात्या हसले नाहीत, पण पायरीवर थबकले. जे मला बोलायचं होतं ते तिनं माझ्याहून चांगलं बोलून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"आमचे व्याही येऊन गेले. म्हणाले, तुमचा ड्रायव्हर लबाड आहे."

धोंडीराम मान खाली घालून उभा. मी त्याची बाजू मांडायला तोंड उघडलं.

"मेस्त्री, थांबा. पुढं म्हणाले, बाजाराच्या दिवशी मला त्याच्याच गाडीत जागा ठेवा."

नंतरचे कितीतरी बाजार तात्या आमच्याच गाडीनं गेले. त्या विहिरीपाशी धोंडीराम पाण्यासाठी थांबायचा. तात्या आपल्या जागेवर बसून दुसरीकडे पाहायचे. पुढं पावसाळा आला, गार हवेत इंजिन तापेना आणि गाडी न थांबता निघाली. तेव्हा मागून तात्यांचा आवाज आला, "धोंडीराम, आज गाडीला तहान न्हाई व्हय रं?"

धोंडीरामनं निमूट ब्रेक दाबला. तात्या उतरले, विहिरीवर गेले, आणि त्यांनी बायजाबाईपुढं ओंजळ धरली. तिनं घागर उचलली, पण कलती केली नाही.

"उकळून दिऊ का?"

तात्या म्हणाले, "नगं. गारच दे."

मला डोळे पुसावे लागले. वाफेनं, असं मी धोंडीरामला सांगितलं. इंजिन थंड होतं, हे त्यालाही माहीत होतं.

झाकण गरम असताना उघडू नये, हे मी पुढं जन्मभर वर्कशॉपात सांगत आलो. त्यासोबत एवढंही सांगतो, की गार झाल्यावर ते उघडायला विसरू नये.