रफार जागेवर होते

जावई माझ्या संगणकावर काय करतो ते मला बघायचं होतं. म्हणून मी घेवड्याच्या शेंगा आणि ताट घेऊन त्याच्या मागे खुर्ची टाकून बसले. शेंगा मोडायला तिथंच बसायची काही गरज नव्हती, आणि ते त्यालाही कळत होतं.

मी वीस-बावीस वर्षं घरी मराठी अक्षरजुळणी केली. नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. लग्नपत्रिका, प्रबंध, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं. लोक हस्तलिखित आणून देत, मी कागदावर नजर ठेवून जुळवत जायची. बोटांकडे कधी बघावं लागलं नाही. पुढे काम कमी झालं, यजमान गेले, तरी ओळखीच्या लोकांचं थोडंफार चालूच होतं. मग एक दिवस संगणक सांगायला लागला की त्याच्यातल्या विंडोजला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत, आणि नवी विंडोज या जुन्या यंत्रावर बसणार नाही.

"विंडोजच्या जागी लिनक्स टाकून घे," मुलगी म्हणाली. "याच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सगळीकडे तेच आहे. तो देईल करून."

'तो' म्हणजे तिचा नवरा. वाघोलीच्या एका कॉलेजात संगणक शिकवतो, दोघं राहतातही तिथंच. मूळचा हडपसरच्या पलीकडच्या गावातला. गाव आता शहरात आलंय, पण घरी अजून ऊस आहे, गोठा आहे. माझ्या घरी तो जपून, पुस्तकातल्यासारखं बोलतो. त्याच्या आईचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतो, तेव्हा मात्र "हाय की", "येतोय न्हवं" असं ऐकू येतं. नऊ वर्षांपूर्वी मुलीने त्याच्याशी लग्न ठरवलं तेव्हा मला ते पसंत नव्हतं. मी विरोध केला नाही. मांडवात उभी राहिले, वाढायला घेतलं, सगळं रीतसर केलं.

"हे फुकट कसं काय?" मी विचारलं.

"जगभरातले लोक मिळून बनवतात, आई. कुणीही वापरावं म्हणून."

"आणि त्या लोकांना काय मिळतं?"

त्याने थोडा विचार केला. "समाधान."

"समाधानासाठी लोक भजनी मंडळात जातात," मी म्हणाले.

तो हसला नाही. "आधी तुमच्या सगळ्या फायली माझ्या डिस्कवर घेतो. काही खाजगी असेल तर सांगा, ते बाजूला ठेवू."

"माझ्याकडे कसलं आलंय खाजगी?" मी म्हणाले. हे वाक्य बोलल्याचा नंतर मला फार पश्चात्ताप झाला.

संध्याकाळपर्यंत जुनं सगळं पुसलं गेलं आणि पडद्यावर एक भलताच निळसर डोंगर आला. मला त्याचं काहीच आवडलं नाही. खिडकी बंद करायची फुली कोपऱ्यात होती तिथंच होती, पण बाकी सगळं इकडचं तिकडे. काही नवीन टाकायचं म्हटलं की पासवर्ड मागे. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझ्याच यंत्राला मी कोण ते सांगायचं. मी पासवर्ड लिहून ठेवला आणि त्या पासवर्डची आणखी कुणाकडे प्रत आहे, याचा विचार करत बसले. कॅमेऱ्याच्या भोकावर मी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी लावली. पुढच्या रविवारी जावयाने ती पाहिली, पण काही बोलला नाही. ते न बोलणंही मला खटकलं.

खरी पंचाईत मराठीची झाली. माझं सगळं काम जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधलं. नव्या यंत्रावर ते उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, दाणे सांडल्यासारखी. त्याने समजावलं की हा जुना फॉन्ट बसवता येईल, पण किती दिवस पुरणार? त्यापेक्षा सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल असं आणू. त्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. डिस्क घरी न्यायची, आठवडाभर जमेल तशा फायली बदलायच्या आणि रविवारी आणून माझ्या यंत्रात टाकायच्या, असं सुरू झालं.

मी इकडे लिहायला शिकत होते. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी आणि अक्षर मागून. इथं उलटं: आधी अक्षर, मग वेलांटी. वीस वर्षांची बोटं ऐकेनात. 'किती' लिहायला जावं तर वेलांटी एका ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकलेली दिसे आणि 'क' शेजारी उघडा. साध्या आमंत्रणाला मला अख्खी सकाळ लागली. पहिलीत बसल्यासारखं वाटत होतं, आणि मला तिथं कुणी मुद्दाम बसवलंय असंही.

बदलून आलेल्या फायलींत चुका होत्या. प्रोग्रॅम वेलांट्या नीट बसवत होता, पण रफार चुकवत होता. 'धर्म'चं 'धमर्', 'सूर्य'चं 'सूयर्'. एका प्रबंधात तर पानोपानी. जावई म्हणाला, "रफाराचं मला नीट जमलेलं नाही. ते हातानेच दुरुस्त करावं लागेल." मी करत होते. रोज चार-पाच पानं.

एका दुपारी असंच एकेक उघडत 'संकीर्ण' नावाच्या फोल्डरमध्ये गेले. आत 'पत्र' नावाची फाईल होती. उघडली आणि पहिल्याच ओळीला ओळखली.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला दोन पानी पत्र लिहिलं होतं. समोरासमोर बोलवेना म्हणून. दिलं मात्र नाही. त्यात जावयाच्या घराबद्दल, माणसांबद्दल, बोलण्याबद्दल मी काय काय लिहिलं होतं ते इथं सगळं सांगत नाही. 'त्या घरात वाचनाची सवय नाही, तू तिथं गुदमरशील' हे त्यातलं सौम्य वाक्य. ते पत्र संगणकात राहिलंय हे मी साफ विसरले होते.

पहिल्यांदा मी स्वतःची समजूत घातली. शेकडो फायली प्रोग्रॅममधून गेल्या, त्यात ही गेली. कोण बसलंय वाचत? मग सवयीने रफार बघायला लागले. 'निर्णय' बरोबर होता. 'वर्षं' बरोबर. 'अर्थ', 'पूर्ण', 'मार्ग', सगळे रफार जागेवर. दोन पानांत एकही चूक नाही.

पत्राची छापील प्रत कपाटात साड्यांच्या खाली होती. ती काढून आणली आणि मुद्रितशोधनाला बसावं तशी ओळीवर बोट ठेवून ताडून बघितली. शेवटच्या परिच्छेदात 'मनापासून आशिर्वाद देता येणार नाही' असं होतं. कागदावर मी घाईत 'शि' ऱ्हस्व लिहिला होता. पडद्यावर 'आशीर्वाद' होता, दीर्घ, शुद्ध. प्रोग्रॅमला शुद्धलेखन येत नव्हतं. कुणीतरी हे पत्र शब्दन् शब्द वाचलं होतं आणि वाचता वाचता माझी चूकही सुधारली होती.

त्या रविवारी तो नेहमीसारखा आला. गावाकडच्या मेथीच्या चार जुड्या घेऊन. मी त्या हातात घेतल्या आणि मनात म्हटलं, नाटक. जेवताना त्याने आमटी दुसऱ्यांदा घेतली नाही. मी लक्षात ठेवलं. मुलगी आठवड्यात दोनदा फोन करायची, त्या आठवड्यात एकदाच केला. तेही लक्षात ठेवलं. याने तिला सांगितलंय. नसेल सांगितलं तर राखून ठेवलंय, कधी तरी भांडणात काढायला. पत्राची प्रत त्याच्या डिस्कवर आहेच. आता त्या यंत्रावर काही लिहायचीही मला धास्ती वाटू लागली. किराण्याची यादी मी कागदावर करायला लागले.

पुढच्या रविवारी दोघं आली आणि मुलगी मंडईत गेली. तो टेबलाशी होता. विचारायचं म्हणून गेले, पण तोंडातून आरोपच आला.

"ते पत्र तुम्ही वाचलंत."

त्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. पहिल्या चार ओळींत कळलं काय आहे ते. बंद करायला हवं होतं. नाही केलं."

"का?"

"आई, माझ्याबद्दल दोन पानं लिहिलेली समोर आली. तुम्ही बंद केली असतीत?"

"आणि वर चुका सुधारल्यात?"

"राग आला होता," तो म्हणाला. "हाताला काहीतरी काम पाहिजे होतं. एकेक रफार उचलून जागेवर ठेवला. सगळे झाले तेव्हा जरा शांत वाटलं."

"तिला सांगितलंत?"

"नाही. पत्र तिला आहे. द्यायचं की नाही ते तुमचं."

मी इतके दिवस याच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत होते आणि हा माणूस मेथी आणून देत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आमच्या घरी वाचनाची सवय नाही असं लिहिलंय तुम्ही. तेव्हा तुम्ही आमच्या घरी आला होतात कधी?"

"नाही."

"मग कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

त्याने मान हलवली. "तसं सवय नव्हतीच. ते बरोबर लिहिलंय तुम्ही." मग थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण गुदमरली न्हाई ती."

माझ्या घरात तो पहिल्यांदाच असं बोलला. खाली गेटचा आवाज झाला. मुलगी भाजी घेऊन वर आली आणि तो पडद्याकडे वळला.

दोन दिवसांनी मी मुलीला एकटीला बोलावलं आणि सगळं सांगितलं. छापील पत्र पुढे केलं. तिने हात लावला नाही.

"तुला काय वाटत होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. लग्नाच्या फोटोत बघ की स्वतःला." मग एकदम तिचा आवाज चढला. "पण तो वाचून गप्प बसला? किती दिवस?"

"महिना झाला असेल."

"महिनाभर तो एकटा हे घेऊन फिरतोय, आणि तू त्याच्यावरच संशय घेत होतीस!"

ती चहा न घेता गेली. चार दिवस फोन आला नाही. रविवारी दोघंही आली नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. प्रबंधाची उरलेली पानं मी एकटीच तपासत बसले.

तिसऱ्या रविवारी मी वाघोलीची बस पकडली. न कळवता कुणाकडे जाणं माझ्या स्वभावात नाही. दार त्यानेच उघडलं. मुलगी क्लासला गेली होती. मी चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "चुकलं माझं. लिहिलं तेही, आणि नंतर वागले तेही."

तो दारातून बाजूला झाला. "आत तर या," म्हणाला.

त्याने चहा केला. साखर जास्त झाली होती; मी सगळा प्यायले. नगर रस्त्याच्या रहदारीबद्दल बोललो, त्याच्या आईच्या गुडघ्याबद्दल बोललो. पत्राचा विषय त्याने काढला नाही आणि मीही पुन्हा काढला नाही. त्याने मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही. ते विचारणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक काम टाकणं झालं असतं. मुलगी आली, मला बघून थबकली, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला. तांदूळ तिघांचे होते.