तव्याच्या बुडाचा रंग

पेंटरकाकांनी उभी हयात लोकांच्या भिंती उजळवण्यात घालवली. कुणी गडद रंग मागितला तर ते तोंडावर म्हणत, "घर आहे की तव्याचं बूड?" आता मात्र स्वतःच्याच घरात दोन काळपट चौकोन रंगवून ते कपाळाला हात लावून बसले होते.

कारण लेक. ती इस्पितळात नर्स, कायमची रातपाळी. तिच्या खोलीला काकांनीच हौसेने दिलेल्या पिवळ्या रंगावर दिवसभर ऊन असं काही नाचायचं, की पडदे ओढूनही तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे. लवकर काही सोय झाली नाही तर होस्टेलात राहायला जाते, असं तिने सांगून टाकलं होतं. काकांनी वरवर मान डोलावली, पण त्याच दिवशी तिच्या भिंतीवर गडद रंगाचे दोन नमुने लावून पाहिले. बायको गेल्यापासून घरात माणसं दोनच. त्यातलं एक गेलं तर दुसऱ्याने काय भिंतींशी बोलायचं?

दोन्ही चौकोन गडद राखाडी, जुळ्या भावंडांसारखे. डावीकडच्यात निळसर झाक, उजवीकडच्यात तपकिरी. शेजारणीच्या मते दोन्ही सारखेच कळकट. काकांनी उभं राहून पाहिलं, दारातून पाहिलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पोरगी ही भिंत उभ्याने थोडीच बघणार आहे! म्हणून सकाळी ती यायच्या आधी ते तिच्याच पलंगावर आडवे झाले. निळसर रंग त्यांना थंड वाटला, एकटा वाटला. त्यांनी तपकिरीकडे कूस बदलली.

लेक आली तेव्हा काका ढाराढूर झोपले होते. आई गेल्यापासून आपल्या सुट्टीच्या रात्री तिला अंगणात त्यांच्या चपला वाजताना ऐकू यायच्या; त्यांना झोपच लागत नसे. आज ते घोरत होते. त्यांना न उठवता ती खालीच सतरंजी टाकून पडली.

दुपारी काका जागे झाले, तर ती गाढ झोपलेली. तिने डोळे उघडेपर्यंत ते पलंगावरून हललेसुद्धा नाहीत.

"कुठला लावू?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्याकडे तोंड करून घोरत होतात, तो."

काका ओशाळले. "आणि होस्टेल?"

"कोण जातंय आता? रंगाचे डबे मात्र दुप्पट आणा, बाबा. तुमच्या खोलीलाही हाच रंग."

म्हणजे घरात आता तव्याची दोन बुडं होणार होती, आणि काकांना इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.