पेंड चाखणाऱ्या डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई जनावरांची पेंड स्वतः चाखून बघायच्या. पोतं उघडलं की चिमूटभर तोंडात टाकायच्या, दोनदा चावायच्या आणि बाहेर जाऊन थुंकून यायच्या. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "आपल्याकडे यंत्रं आहेत," मी म्हणालो. "यंत्राला कुठं खायचंय?" त्या म्हणाल्या, "शेळीला खायचंय."

सांगलीच्या त्या पशुखाद्य तपासणी केंद्रात मी आठ वर्षं रसायनतज्ज्ञ होतो. त्या रहिमतपूरच्या, माझ्याहून लहान, नुकत्याच रुजू झालेल्या पशुवैद्य. नव्वदचं दशक संपत आलं होतं. बोंडअळीला मारणारा जनुक बियाण्यातच घातलेल्या कपाशीची सरकी आमच्याकडे आली. तिची पेंड जनावरांना बाधते का, एवढं आम्ही तपासायचं होतं. असलं काम केंद्रात पहिल्यांदाच येत होतं आणि ते माझंच, असं मी धरून चाललो होतो. साहेबांनी ते बाईंना दिलं. त्या दिवशी मी डबा तसाच घरी नेला आणि बायकोला पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

बाईंनी शेळ्यांचे दोन गट केले, हिरव्या बिल्ल्याचा आणि लाल बिल्ल्याचा. एकाला नेहमीच्या सरकीची पेंड, दुसऱ्याला नव्या सरकीची. कुणाला कुठली, ते त्यांनी स्वतःलाही कळू दिलं नाही. साहेबांनी ते पाकिटात बंद करून कपाटात ठेवलं. "मला माहीत असलं तर मला हवं तेच दिसेल," असं बाईंचं म्हणणं. मला हा सगळा देखावा वाटायचा.

शेळ्या सांभाळणारे ज्ञानूमामा माझ्याशी आठ वर्षांत "व्हय साहेब", "न्हाई साहेब" याच्या पलीकडे बोलले नव्हते. बाई त्यांच्यासमोर बादली पालथी घालून बसायच्या, चहा घ्यायच्या, आणि मामा तासभर बोलत राहायचे. मी खिडकीतून बघायचो. त्यांच्या हुशारीपेक्षा ती पालथी बादली मला जास्त सलायची.

एके दिवशी मामांचा आवाज कानावर आला. "आवं बाई, हिरव्या बिल्ल्याच्या शेळ्या चार दिस झालं तोंड फिरवत्यात. दूध बी लय कमी हाय." मी पुढचं ऐकायला थांबलो नाही. तडक साहेबांकडे गेलो. "नव्या बियाण्याचाच दोष दिसतोय," मी म्हणालो. "बाईंच्या लक्षात यायला उशीर झाला."

साहेबांनी बाईंना बोलावलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "हिरव्यांना काय मिळतंय हे मलाही माहीत नाही. यांना कसं माहीत?"

त्या उठून कोठारात गेल्या. मागोमाग आम्हीही. हिरव्या खुणेच्या पोत्यातली चिमूट त्यांनी तोंडात टाकली आणि लगेच थुंकली. पोतं ओढून फिरवलं. भिंतीकडची बाजू ओली होती आणि आत बुरशी धरली होती. भिंतीतली नळी पाझरत होती. ती पोती उतरवून घेताना खाली फळ्या न घालता भिंतीला लावायला मीच सांगितलं होतं. नोंदवहीत सही माझीच होती.

सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. हिरव्या शेळ्यांना नेहमीच्याच सरकीची पेंड मिळत होती.

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे नवी निर्दोष! लिहून टाका अहवाल, बियाण्याच्या कंपनीची माणसं थांबलीत."

"साहेब, जिच्याशी तुलना करायची तीच पेंड नासली," बाई म्हणाल्या. "नवी चांगली की वाईट, काहीच कळलं नाही. सगळं परत मांडावं लागेल."

साहेब चिडले, टेबलावर हात आपटला. बाईंचा आवाज चढला नाही आणि त्या हटल्याही नाहीत. अहवालात त्यांनी लिहिलं, 'साठवणीत केंद्राची चूक.' माझं नाव कुठंच नव्हतं.

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "माझं नाव का नाही घातलंत?"

"घातलं असतं तर पुढच्या वेळी ओलं पोतं तुम्ही मला दाखवलं नसतं."

मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण नंतर. आधी हेवाच वाटला. असं वागणं मला का सुचत नाही?

दुसरी फेरी सुरू व्हायच्या आतच बाईंची एका मोठ्या संस्थेत निवड झाली आणि काम माझ्याकडे आलं. त्यांना सोडायला स्टँडवर गेलो तो आनंदानंच. गाडीत चढताना त्या म्हणाल्या, "नुसतं 'सुरक्षित' लिहून मोकळे होऊ नका. काय मोजलं, किती दिवस मोजलं, ते लिहा. न मोजलेल्याची हमी आपण देऊ नये."

फेरी नीट पार पडली. दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मी लिहिलं, 'आम्ही जे मोजलं त्यात फरक आढळला नाही. जे मोजलं नाही त्याची हमी आम्ही देत नाही.' वरून आलेल्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "याला म्हणतात शास्त्रज्ञाची भाषा. तुमचीच ना?"

बाईंचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. मी "हो" म्हणालो.