बालमित्रांचं अधिवेशन

नवरा गेला त्या वर्षी त्याच्या पक्षाने मला त्याच्या जागी प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय अधिवेशनाला पाठवलं. अमेरिकेतला हा पक्ष इतका लहान की सगळं अधिवेशन एका हॉटेलच्या सभागृहात मावलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी नवऱ्याच्या पसंतीचा उमेदवार हरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र त्याचं मत त्याच माणसाला द्यायचं होतं, तेही माइकवर, सगळ्यांसमोर. मी तर दुकानातसुद्धा हळू बोलते.

आमच्या मिशिगन राज्याचं नाव पुकारलं गेलं. "आई, गो!" म्हणत सोबत आलेल्या मुलीने मला ढकललं.

माइक हातात आला आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतलं वाक्य खणखणीत मराठीत बाहेर पडलं, "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो!"

सभागृहात शिट्ट्या सुरू झाल्या आणि चक्क टोप्या उडाल्या. व्यासपीठावरच्या बाईंनी हसत इंग्रजीत विचारलं, "मॅडम, यातलं उमेदवाराचं नाव कुठलं?"

मी नाव सांगितलं.

"बालमित्र म्हणजे कोण गं?" मुलीने विचारलं.

"टोप्या उडवताहेत ना, ते."

आम्ही दोघी हसून वाकलो होतो. मान वर केली तेव्हा पडद्यावर त्या उमेदवाराच्या नावापुढच्या शून्याचा एक झाला होता.