चौकड्यांचा टॉवेल

समोर कापड आलं की मामांची चिमूट तिथे गेलीच. सात रस्त्याजवळच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या अ‍ॅप्रनची कड धरली आणि म्हणाले, "ताई, ह्यो इनताना इनकर झोपला हुता की!" जन्मभर मागावर टॉवेल-चादरी विणलेला माणूस. दुसऱ्याच्या विणीतली चूक काढली नाही तर त्यांना घास गोड लागत नसे. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल.

वयामुळे डोळ्याचा पडदा खराब झालेला. उजवा गेलाच होता, डावा वाचवायला दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. मी नर्स. हात धरून दर वेळी सांगायची, "मामा, कळणारसुद्धा नाही." सुई झाली की ते हसायचे, "कळलं की, ताई!"

डोळा स्थिरावला तसं डॉक्टरांनी इंजेक्शन दोन महिन्यांवर नेलं. मी चौकटी आखलेला कागद दिला. रोज उजवा डोळा झाकून बघायचं, रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी यायचं.

"कागद कशाला? मी इनलेला शेवटचा टॉवेल हाय की, चौकड्यांचा. भिंतीला लावतो."

"लावा," म्हणाले मी. माझी जीभ तेव्हाच झडली असती तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी आले ते सुनेचा हात धरून, काखेत तो टॉवेल.

"रेघ वाकडी दिसली नाही?" मी ओरडलेच.

"दिसली की. म्हैना झाला."

"मग आला का नाहीत?"

त्यांनी टॉवेलची कड चिमटीत धरली. "वाटलं, सुईनं डोळा सुदारला, म्हनून आता माजीच चूक दिसतीय. लोकांच्या चुका काढत फिरलो मी. कुटल्या तोंडानं सांगू?"

त्या दिवशी इंजेक्शन दिलं, पुढेही दिली. गेलेली नजर काही आली नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, टॉवेल सरळच आहे, डोळाच वाकडं दाखवत होता. मामांनी टॉवेल माझ्या हातात दिला. "खरं सांगा."

"सरळ आहे हो, मामा. शपथ."

"तुमी सुईचं पन असंच सांगता की." या वेळी ते हसले नाहीत. टॉवेल परत नेलाच नाही.

गेल्या महिन्यात मामा वारले. रविवारी मी लेकीच्या दप्तरातली मोजपट्टी घेतली, टॉवेल फरशीवर पसरला आणि एकेक रेघ तपासली. उभ्या, आडव्या, सगळ्या. हे तेव्हाच का सुचलं नाही मला? रडू आवरेना.

एकही वाकडी नाही, मामा. या वेळी खरं सांगतेय हो.