मेघासाठी सोया सॉस

चहा उकळेपर्यंत हे सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला गल्लीतला दुसरा कुणीतरी सांगेल आणि वर तिखटमीठ लावेल. तसं लावायला त्यात जागा नाही म्हणा. मीच पुरेसं लावून ठेवलंय.

मी लातूरला एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये अटेंडंट होतो. बाटल्या धुवायच्या, ॲसिड मोजून द्यायचं, पोरांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या. पण गल्ली मला 'सर' म्हणायची, आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. वीस-बावीस वर्षं ॲसिडचा वास घेतला की माणूस थोडाफार सर होतोच, असं आपलं माझं मत.

तेव्हा लातुरात कोचिंगचा जोर होता. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, त्याच्या घरात डॉक्टर व्हायला आलेलं एक लेकरू. आमच्याकडे माझी भाची मेघा आली, उमरीहून. हुशार पोरगी, पण पोटाचं एक नाजूक प्रकरण होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गव्हात ग्लुटेन असतं, ते हिला चालत नाही. चिमूटभर कणीक पोटात गेली तरी पोरगी आडवी.

आमची बायको शांता म्हणाली, "गहू चालत न्हाई, हा काय आजार हाय? आमच्यात गहू सणालाच दिसायचा." घरात ज्वारीची भाकरी. प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. रविवारी क्लासच्या मैत्रिणी चायनीजच्या गाड्यावर जायच्या आणि ही घरी बसायची. एकदा मला दया आली. मी गाड्यावरून फ्राईड राईस बांधून आणला. भातच आहे, म्हटलं. भातात गहू कुठून येणार?

तीन दिवस पोरगी अंथरुणात. क्लासची मोठी टेस्ट बुडाली. मी गाड्यावर जाऊन सोया सॉसची बाटली उलटी करून वाचली. बारीक अक्षरात लिहिलेलं: सोयाबीन, मीठ, गहू. त्या काळ्या पाण्यात गहू असेल, असं तुम्हाला तरी वाटलं असतं का?

"तुम्हाला कसं माहीत असणार, मामा," एवढंच मेघा म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी जाहीर केलं, "सॉस मी घरी करणार. बिनगव्हाचा."

"येतो तुमाला?" शांतानं विचारलं.

"त्यात काय आहे? सोयाबीन म्हणजे प्रोटीन. मीठ म्हणजे सोडियम क्लोराईड. आणखी काय राहिलं?"

"चव," शांता म्हणाली.

लातुरात सोयाबीनला काय तोटा? मुरुडच्या एका ओळखीच्या अडत्याकडून दोन किलो आणलं. शिजवलं, ठेचलं, मीठ घातलं. लवकर आंबावं म्हणून वर अर्धा किलो गूळ घातला. कॉलेजनं मोडीत काढलेली एक जाड काचेची बरणी माझ्याकडे होती, घट्ट बुचाची. हवा लागली की बुरशी येते, हे मला पक्कं माहीत. म्हणून बुचाभोवती मेण ओतलं आणि वरून तारेनं आवळून टाकलं. बरणी स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली, बरोबर भांड्यांच्या मांडणीच्या वर.

आठवड्यानं मेघानं बरणीत बुडबुडे बघितले. "मामा, आत गॅस होऊन राहिलाय. बूच जरा सैल करा."

"पुस्तक वेगळं, प्रॅक्टिकल वेगळं," मी म्हणालो.

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे. शांताचं माहेर किल्लारी. भूकंपात त्यांचं घर बसलं आणि तिची आई त्यात गेली. शांता तेव्हा लातुरात होती, माझ्या घरी. तेव्हापासून रस्त्यानं ट्रक गेला आणि खिडकी वाजली, की ती हातातलं काम सोडून उभी राहते. खिडकी थांबली की परत बसते.

अकराव्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी, मी बाहेरच्या खोलीत झोपलो होतो. शांता आणि मेघा आत मधल्या खोलीत होत्या. एकदम धडाका झाला. पाठोपाठ सगळं घर खणखणायला लागलं, आणि खणखणतच राहिलं.

आवाज थांबला तेव्हा मी रस्त्यावर होतो. मधलं मला काही आठवत नाही. उघड्या अंगानं, लुंगीवर, समोरच्या युसूफमास्तरच्या टेलरिंगच्या दुकानापुढं उभा राहून "भूकंप, भूकंप" म्हणून ओरडत होतो.

गल्ली रिकामी व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. लातूर आहे हे, त्या शब्दाला कुणी कारण विचारत नाही. कोपऱ्यावरच्या होस्टेलमधली चाळीस पोरं पुस्तकांसकट खाली आली. सगळ्यांच्या मागून शांता आली, मेघाचा हात घट्ट धरून. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सर, किती होता?" एकानं विचारलं.

आता माणसानं खरं सांगावं की नाही? मी म्हणालो, "चार पॉइंट दोन."

"मला तर काई हाललेलं कळलं न्हाई," युसूफमास्तर म्हणाले. "मशीनवर सुई तशीच होती."

"सगळ्यांना कळत नसतं, मास्तर."

दहा मिनिटांत सगळ्यांना कळलं होतं. पानवाल्यानं विजेचा खांब डोलताना बघितला होता. होस्टेलच्या एका पोराला गरगरत होतं.

शांतानं मास्तरांच्या दुकानातून किल्लारीला भावाला फोन लावला. मल्लिनाथ म्हणाला, "अक्का, हितं पान बी हाललं न्हाई."

मी फोन घेतला. "मग केंद्र लातुरातच असणार."

तो म्हणाला, "दाजी, अक्काला घरात जाऊ देऊ नका. म्या निघालोच."

एक तास आम्ही उन्हात उभे. कुणी आत जायचं नाही, दुसरा धक्का येणार, असं मीच सांगितलेलं. शेवटी शांताला आठवलं की गॅसवर दूध आहे. मी विचार करायला लागलो. माझा विचार होईपर्यंत युसूफमास्तर आत गेले होते.

ते परत आले तेव्हा कोपरापर्यंत तपकिरी झाले होते. एका हातात तारेनं बांधलेलं बूच, दुसऱ्यात मांडणीवरून पडून चेपलेलं पातेलं. त्यांच्यामागून असा वास आला की होस्टेलची पोरं चार पावलं मागं सरली.

"सर," मास्तर शांतपणे म्हणाले, "भूकंप सापडला. माळ्यावर होता."

मेघानं तोंडावर ओढणी धरली. मला वाटलं रडतेय. हसत होती. मग सगळी गल्ली हसली.

शांता हसली नाही. ती मास्तरांच्या पायरीवर बसली. तासभर घट्ट धरलेला मेघाचा हात तिनं तेव्हा सोडला. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. चार पॉइंट दोनवाला माणूस, लुंगीवरची धूळ झटकत राहिलो.

मल्लिनाथ जीपनं आला तेव्हा आम्ही भिंती पुसत होतो. सगळं ऐकून घेतलं. मग शांतानं गूळ करपवून काळा केला, त्यात चिंचेचा कोळ, लसूण, आलं, मिरची, मीठ घातलं. पंधरा मिनिटांत सॉस तयार. कोबी घालून भात परतला. मेघानं दोन ताटं खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी क्लासला गेली. मल्लिनाथ म्हणाला, "ह्याला चायनीज म्हणतेत व्हय?"

जेवण झाल्यावर त्यानं बहिणीला विचारलं, "आवाज झाला तवा कोण कुठं होतं?" किल्लारीची माणसं हे विचारतातच.

"म्या आत. मेघा आत."

"आन दाजी? भाईर होते?"

"नव्हते," शांता म्हणाली. "गेले."

मल्लिनाथ उठला. एकेका भिंतीवर हात फिरवला, कोपरे ठोकून बघितले, चौकटीपाशी बराच वेळ थांबला. मग चपला घालता घालता म्हणाला, "अक्का, घर पक्कं हाय, काळजी करू नगं. दार तेवढं रुंद करून घे. दाजी निघाले की बाकीच्याला जागाच उरत न्हाई."